लहान म्हणजे किती लहान

सत्यभामाच्या घरचा साधासुधा असा तो शेवटचाच दिवस होता, पण तसं कुणाला ठाऊक असतं! उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या संग्रहालयात विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यातल्या लोकांच्या मुलाखतींच्या सहाशे फाइली जपलेल्या होत्या. सत्यभामा तिथं शिरली आणि दारातच एका तरुणाच्या हातातल्या चहाला तिचा धक्का लागला. सगळा चहा त्याच्या शर्टावर.

"बरं झालं," तो शांतपणे म्हणाला, "लई गोड होता."

तो सूर्यभान, तिथलं संगणकाचं काम बघणारा. मुलाखतींची वेबसाइट महिनाअखेर बंद होणार होती. सगळ्या फाइली एकदम उतरवून घेणारी स्क्रिप्ट त्यानं लिहिली होती, आणि ती कशी चालवायची याचं एक पानही. सत्यभामाचे वडील, पुंडलिक, वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, लढ्यात हर्सूलच्या जेलात राहिलेले. त्यांचीही मुलाखत त्यात होती, तीच घ्यायला ती आली होती; सूर्यभाननं तिला स्क्रिप्ट आणि ते पान दिलं. संध्याकाळी तिनं ते पान त्यांना वाचून दाखवलं. यापेक्षा आमच्या मशिनीवरच्या पाट्या बऱ्या, म्हणाले ते. मग तिनं चहाचा किस्सा सांगितला... जरा जास्तच रंगवून. बाबांनी भुवई उंचावली, तशी ती भाकरी टाकायला उठली.

सकाळी बाबा उठले नाहीत.

पंधरा दिवसांनी तिनं स्क्रिप्ट चालवली. पाचशे एक्क्याऐंशी फाइली उतरल्या. बाबा त्यांत नव्हते. साइटवर नुसते क्रमांक. माणसाचं नाव फाइल उतरल्यावरच दिसायचं. आणि साइट बंद व्हायला दोन दिवस उरलेले.

ती ते पान घेऊन सूर्यभानसमोर बसली, प्रूफ तपासावं तशी एकेक ओळ वाचत. सातव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"'लहान फाइली वगळा – हो.' लहान म्हणजे किती लहान?"

"मिनिटाच्या आतल्या. लोक माइक तपासतात ना, हॅलो-हॅलो... तसल्या."

"मग लिहिलं का नाही?"

"मला माहीत होतं ना."

"आमचे बाबा मिनिटभर बोलले, तर आम्ही त्याला भाषण म्हणायचो."

त्याचा चेहरा उतरला. चुकलं माझं, म्हणाला, 'हो'चं 'नाही' केलं आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. फाइली उतरेपर्यंत दोघांनी पान नव्यानं लिहिलं. तो अवघड शब्द घालायचा, ती खोडायची. आमच्या आईला वाचून दाखवतो, म्हणाला तो. मेंढरं राखते ती, तिला कळलं म्हणजे झालं. मलाही यायला आवडेल ऐकायला, असं तिच्या तोंडून निघून गेलं... आणि दोघंही पडद्याकडं बघत राहिले.

एकोणीस फाइली आल्या. बऱ्याच हॅलो-हॅलोच्या. बारावी चाळीस सेकंदांची.

"मी पुंडलिक. हर्सूलला सतरा दिवस होतो. तिथं असतानाच घरी पोरगी झाली. तिचं नाव सत्यभामा, तेवढं लिहून घ्या. बाकी लई बोलत नाय मी."

पुढं नुसती खरखर. सूर्यभाननं पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला आणि तोंड खिडकीकडं वळवलं. मग त्यानं हळूच विचारलं, परत लावू का?

"लावा. पण आधी माझं ऐका." तिनं ग्लास बाजूला ठेवला. "मला तुम्ही आवडता, सूर्यभान. बाबांना हे सांगणार होते मी... राहून गेलं. तुम्हाला सांगायचं राहायला नको."