चंद्री आटली तेव्हा

"ह्या गोळ्या उरल्यात... परत घेता का?"

ताडकळसच्या मेडिकलवर बसून मला दोन वर्षं झाली, पण असलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं. खांद्यावर घोंगडी, शर्टाला मेंढरांचा वास, अन् डोळे असे, की मी रागवायचं क्षणभर विसरलेच. क्षणभरच हं. पाकिटावरचं नाव वाचलं अन् माझा पारा चढला. फिटची गोळी, रोज संध्याकाळी एक. महाराजांच्या तीसपैकी अकरा तशाच.

उरल्या म्हणजे घेतल्या न्हाईत, असं मी चांगलंच सुनावलं. त्यानं मान खाली घातली. नाव बिरू. मागच्या साली मेंढरं चारताना कालव्याच्या काठावर त्याला फिट आली होती. शेजारी माणसं होती म्हणून वाचला. तेव्हापासून त्याची आई, म्हाळसाबाई, त्याला एकट्याला रानात जाऊ देईना. बिचारा मुद्दाम टाळत नव्हता. सांजेला पिल्लांची गडबड असते, गोळी ध्यानातच राहत न्हाई म्हणाला.

"मग रोज न चुकता ध्यानात काय राहतं?"

त्यानं लय विचार केला. "चंद्रीची धार. शेळी हाय माझी. धार न्हाई काढली तर वरडून गाव गोळा करती."

झालं तर मग. गोळ्यांचं पाकीट धारेच्या तांब्यात ठेवायचं, आधी गोळी, मग धार, असं मी ठरवून दिलं.

पुढच्या बाजाराला तो पाकीट घेऊन हजर. सातच्या सात खाचा रिकाम्या. त्याच्या पुढच्या बाजारालाही तेच. पाकीट दाखवायला एवढ्या लांब यायची गरज नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं अन् मलाही. पण बाजाराच्या दिवशी मीही वेणीत शेवंती माळायला लागले होते, ती काही उगाच न्हाई.

दोन-अडीच महिने असे छान गेले. मग एका बाजाराला तो आलाच न्हाई. दुसराही बाजार गेला... तिसऱ्याला आला, तो कपाळाला पट्टी बांधून.

"चंद्री गाभण हाय," तो हळूच म्हणाला. "आटली. धार बंद झाली, अन् गोळी पण..."

अंगणातच फिट आली, उंबऱ्यावर पडला. डॉक्टरांनी तपासून तीच गोळी परत चालू केली होती. आमच्या घरी सात शेळ्या. गाभण शेळी आटते, एवढं मला सुचू नये? डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी पाठ फिरवून उगीच बाटल्या इकडच्या तिकडं करत बसले. ह्या माणसाला काही झालं तर मला सोसायचं न्हाई, हे मला तिथं, त्या बाटल्यांसमोर कळलं.

"आता न आटणारं काहीतरी सांगा," तो मागून म्हणाला.

मी वळले. "सात वाजता मी शटर ओढते. ओढलं की तुमाला फोन करीन. फोन चालू असतानाच गोळी घ्यायची."

"अन् रविवारी? रविवारी तर दुकान बंद असतंय."

"रविवारी पण करीन."

"दुकान न्हाई, शटर न्हाई... मग फोन कशापायी?"

लय शहाणा! गाल तापले माझे, पण माघार घ्यायचा माझा स्वभाव न्हाई.

"दुकानापायी करायलंय कोण?"

तो नुसता हसला, अन् नव्या गोळ्या घ्यायच्या विसरून चालायला लागला. मीच हाक मारून दिल्या.

रविवारपर्यंत रोज बरोबर सातला माझा फोन गेला. रविवारी अंगणात फोन हातात धरून बसले होते. सातला दहा मिनिटं कमी असतानाच तो वाजला... बिरूचा.

गोळी घेतली का, मी घाईनं विचारलं. मघाशीच घेतली म्हणाला, तुमच्या फोनची वाट बघता बघता.

"मग फोन कशाला केला?"

पलीकडं चंद्रीच्या गळ्यातली घंटी वाजली.

"गोळीपायी करायलंय कोण?"