पट्टी बांधली की मी पडते

डोळे उघडे असले की मी पायाच्या अंगठ्यात दोरी पकडून सरसर वर चढते. त्याच डोळ्यांना पट्टी बांधली की धपकन खाली! असं का, सांगा बरं?

आमच्या मल्लखांबाच्या पाटणकर सरांनी लगेच उत्तर दिलं, "घाबरते पोरगी." चंद्रावरच्या वसाहतीत खेळ दाखवायला जाणारा संघ त्यांनी सगळ्यांना पट्टी बांधून दोरीवर चढवूनच निवडला. मी तीनदा पडले. माझी जागा गेली. काल सरांना आणि संघाला घेऊन यान उडालं, तेव्हा मी टीव्हीसुद्धा लावला नाही.

सरांचं सोडा. माझे आबा यंत्रमानवांना तोल सांभाळायला शिकवणारे शास्त्रज्ञ! तेही म्हणाले, "किमया, मन खंबीर कर." डोकंच फिरलं माझं.

आज सकाळी ते प्रयोगशाळेत लंबक नावाच्या यंत्रमानवाचा तोल तपासत होते. रोज तपासतात, न चुकता.

"या पत्र्याच्या डब्याला रोज तपासता," मी फणकारले, "मला एकदा तरी तपासलंत?"

आबांनी लगेच मला लंबकसमोर बसवलं.

"माझ्या नाकाकडेच बघ," लंबक म्हणाला. माझं डोकं धरून त्याने झटकन थोडंसं उजवीकडे वळवलं. नजर नाकावरच राहिली. डावीकडे वळवलं, तर नजर घसरली आणि उडी मारून परत आली.

"डावा कान कामचुकार," तो म्हणाला.

"कान? मला तर नीट ऐकू येतं!"

"तोल तिघं सांभाळतात," आबा म्हणाले. "डोळे, हातापायांची जाणीव आणि आंतरकर्ण (कानाचा सगळ्यात आतला भाग). तिथे अर्धवर्तुळाकार नलिका (वळलेल्या तीन बारीक नळ्या) असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो, सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते. त्या खबरीवरच तो नजर जागेवर धरतो आणि तोलही. तुझे डोळे पट्टीने झाकले. झुलत्या दोरीवर पायाखाली जमीन नाही. उरला कान."

"आणि तोच आजारी." मला दसऱ्याला आलेला ताप आठवला. दोन दिवस घर गरगर फिरत होतं. तेव्हा सगळे म्हणाले, पित्त झालंय.

"तेव्हाच कानाची नस सुजली असणार. व्यायामाने मेंदू हळूहळू सावरून घेतो. दोन-तीन महिने लागतील."

"हे तेव्हाच कळलं असतं तर?"

आबांनी मान खाली घातली. "चुकलो गं."

मी अजून त्यांना माफ केलेलं नाही. पण अंगठा समोर धरून, त्यावर नजर ठेवून मान हलवायचा व्यायाम आजच सुरू केलाय. गरगरतं, मळमळतं, तरी करते.

सर चंद्रावरून परतले की पट्टी मीच घेऊन जाईन. म्हणेन, "बांधा. पण त्याआधी सगळ्या पोरांचे कान तपासा."