खाडीबंध

तीन दिवस. चौथ्या दिवशी रतनबाई कोळंबकर तारवाडीच्या खाडीबाहेर असली, की ताप चढायचा, दातखीळ बसायची. पाचव्या दिवशी माणूस हातचं जायचं. या दुखण्याला डॉक्टरांनी ‘खाडीबंध’ असं नाव दिलं होतं. गावातल्या अकरा बायकांना ते जडलं होतं.

आता याला दुखणं तरी कसं म्हणायचं? पाच वर्षांपूर्वी सांधेदुखीने भिंत धरून उठणारी ही बाई आता ओहोटीला खडकांवर टुणटुणीत चालते! ती किमया स्पंजाची. खडकाला चिकटून राहणाऱ्या या समुद्रजीवाला पळता येत नाही, म्हणून तो रसायनांच्या जोरावर तग धरतो. ती रसायनं बनवतात त्याच्या अंगातले जिवाणू. डॉक्टर इरावती चितळ्यांनी ते जिवाणूच गोळीत भरले. गोळ्या थांबल्या की ते महिन्याभरात मरायचे. सगळीकडे मेले. इथे नाही.

“कच्चं खाऊ नका, असं बजावलं होतं ना?” तेव्हा डॉक्टरबाई रतनबाईवर कडाडल्या होत्या.

“खाल्लं कुठे हो? पहिलं कालव तेवढं तोंडात टाकलं. ती आमची रीत आहे!”

टोपली भरण्याआधी शिंपल्यातून काढलेलं पहिलं कालव खडकावरच गिळायचं. त्या ताज्या कालवातून जिवाणूंना खाडीचं खाद्य मिळालं नि त्यांनी बस्तान बसवलं. आता खाद्य तुटलं की ते मरतात आणि मरताना विष सोडतात. औषधाने मारले तरी तेच. लेकीच्या, मंजिरीच्या, लग्नाला नागपूरला गेलेल्या रतनबाईला अक्षता पडताच गाडीत घालून परत आणावं लागलं. केवढी रडली होती ती!

आज डॉक्टरांनी तिला दवाखान्यात बोलावलं.

“मंजिरीच्या तपासणीत जिवाणू सापडलेत. तिने तुमचं उष्टं खाल्लं का?”

रतनबाईने मान हलवली. मंजिरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. “डोहाळे लागलेत हो पोरीला. अर्धं कालव मी चावलं, अर्धं तिला भरवलं. परवाच.”

“मग अजून रुजले नाहीत. त्यांना मारायच्या या दोन गोळ्या आजच द्या. बाळाला अपाय नाही. उद्या मात्र उपयोग व्हायचा नाही. मग ती आणि बाळ, दोघंही इथलीच.”

घरी मंजिरी सुजलेले पाय चोळत बसली होती. “काय म्हणाल्या गं डॉक्टर, आई?”

रतनबाईने मुठीतली पुडी घट्ट आवळली. तिला स्वतःची लाज वाटली. पण त्याहून मोठा आनंद झाला होता, आणि तो काही केल्या आवरेना.

“काही नाही गो. सगळं ठीक आहे,” ती म्हणाली. “जावईबापूंना फोन लाव. म्हणावं, इकडेच नोकरी मिळते का बघा.”