रांगेच्या टोकाचा हात

नागारा नदीकाठच्या आमच्या शाळेत मी नर्स म्हणून आले, तेव्हा निम्म्या पोरांच्या डोळ्यांत खुपऱ्या होत्या. घरात एकच पंचा आणि सगळे त्यालाच तोंड पुसणार, मग दुसरं काय होणार? मी प्रत्येकाला आपापला पंचा आणायला लावला. शाळा सुटल्यावर रोज एकेकाची पापणी उलटून डोळे धुतले, औषध घातलं. माझ्याआधी लाल डोळ्यांच्या पोरांना घरी हाकलत. मी एकालाही हाकललं नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

औषध फार झोंबायचं. म्हणून पोरं व्हरांड्यात ओळीने बसत, डोळे घट्ट मिटून, एकमेकांचे हात धरून. मी टाळी वाजवली की डोळे उघडायचे.

एकदा टोकाला बसलेली तोमे म्हणाली, "बाई, माझा हा हात कोणी धरलाय? गार लागतोय."

"नवरा मिळाला हिला!" गेन्किची खिदळला.

तिच्या पलीकडे नुसता खांब होता. दुसऱ्या दिवशी मी गेन्किचीलाच टोकाला बसवलं. टाळी वाजली तेव्हा तो खिदळला नाही. त्याने तळवा पुढे केला. ओला होता.

मी होरिबे हेडमास्तरांना विचारलं.

"घरी पाठवलेली एक मुलगी होती," ते चहाचा पेला फिरवत म्हणाले. "तिला धड दिसत नव्हतं. वाटेत कालवा आहे. बाई, पुढचं नका विचारू."

वसंतात सरकारी डॉक्टर आले. त्यांनी प्रत्येक पापणी उलटून पाहिली.

"शाबास, निवाबाई! शाळेत एकही लाल डोळा नाही. एक जरी सापडला असता तरी तुमची जागा ठेवली असती, नियमच तसा आहे. आता गरज नाही."

माझी छाती फुगली आणि लगेच कळलं, माझी नोकरी गेली.

पोरं गेल्यावर मी खांबाशी बसले. डोळे मिटले, हात पुढे केला.

"उद्यापासून रांग नाही गं. आपण जिंकलो."

गार हात आला. घट्ट धरून राहिला.

मग सुटला.

एक ओलं बोट माझ्या गालावर टेकलं आणि डावी पापणी अलगद उलटली. इतक्या हलक्या हाताने पापणी उलटणारी जिल्ह्यात माझ्याशिवाय कोणी नव्हती.

सकाळी आरशात पाहिलं. उजवा डोळा स्वच्छ होता. डावा लालभडक.

एक पुरेसा होता.