न दिलेला निरोप

"उल्हासला फोन दे, शर्मिला. आज आईची तिथी आहे. की आजही माझा निरोप त्याच्यापर्यंत पोचवायचा नाही, असं ठरवलंयस?"

फोन स्पीकरवर होता. नणंदेचा, विशाखाताईंचा तो धारदार आवाज अ‍ॅमस्टेलव्हीनहून तासाभरावरच्या फोरबर्ग या डच गावातल्या त्या छोट्याशा स्वयंपाकघरात आला आणि मऊ भात घोटणारा शर्मिलाचा हात जागीच थबकला. समोर सोफ्यावर उल्हास बसला होता, सुजलेल्या जबड्याला हात लावून. तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं... त्याने सगळं ऐकलं, पत्नीकडे एकवार पाहिलं आणि मान खाली घातली.

"त्याचा जबडा दुखतोय, ताई. बोलता येत नाही," ती शांतपणे म्हणाली.

"तीन वर्षांपूर्वीही त्याला बोलता येत नव्हतं, नाही का?" आणि फोन बंद झाला.

खरंच येत नव्हतं! पण हे ताईंना कोण सांगणार?

२०१८च्या त्या फेब्रुवारीत उल्हासच्या जिभेच्या मुळाशी झालेल्या कॅन्सरवर रेडिएशन चालू होतं. सातांपैकी चौथा आठवडा. घसा आतून सोलून निघालेला, पाण्याचा घोटही उतरत नसे. नाशिकला कोणाला काही कळू द्यायचं नाही, असं त्यानेच बजावलं होतं; वडिलांचं, अप्पांचं, हृदय नाजूक, आणि ताई त्यांच्याजवळच राहत असल्याने त्यांनाही सांगायची सोय नव्हती. अशात ताईंचा निरोप आला... आईला झटका आलाय, दिवस थोडे आहेत, उल्हासला ताबडतोब पाठव! उपचारात एका दिवसाचाही खंड नको, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलेलं, आणि शर्मिलाला आपला नवरा पुरता ठाऊक होता. हे कानावर पडलं असतं तर तो होता तसा उठून विमानतळावर गेला असता. दोन दिवस ती त्या निरोपाशी एकटीच झुंजली आणि मग तिने तो पोटातच ठेवला. आई गेल्या. शेवटचं रेडिएशन झालं, त्या दिवशी तिने त्याला सगळं सांगितलं.

तो ओरडला नाही, रडलाही नाही. "हा निर्णय माझा होता, शर्मिला," एवढंच म्हणाला. संसार चालू राहिला, पण दोघांच्या मधोमध ते एक वाक्य बसून राहिलं. ताईंनी जाब विचारला तेव्हा त्याने सांगितलं, "मला शर्मिलाने कळवलंच नाही." ते खोटं नव्हतं... फक्त, का कळवलं नाही, ते त्याने सांगितलं नाही. पुढे अप्पाही गेले, नवऱ्याच्या नोकरीमुळे ताई अ‍ॅमस्टेलव्हीनला आल्या, पण भावाच्या घरात त्यांनी पाऊल टाकलं नाही. आणि कोरोना आल्यावर तर न येण्याला निमित्तही लागेनासं झालं.

आता एका दाढेने घात केला होता. दाढ काढली, जखम भरेना. रेडिएशनने तिथलं रक्ताभिसरणच क्षीण करून टाकलेलं, आतलं हाड उघडं पडलं. सर्जन म्हणाले, शस्त्रक्रियेआधी तीस दिवस दाबाखाली ऑक्सिजन घ्यावा लागेल, नंतर आणखी दहा दिवस. हे उपचार देणाऱ्या केंद्रात गोल खिडक्यांची एक लोखंडी खोली होती. आत खुर्च्यांची रांग. दार बंद झालं की हवेचा दाब वाढत जाई, कानांना दडे बसत, आणि मग मास्क लावून पेशंट दोन तास शुद्ध प्राणवायू घेत बसत.

वेदनाशामक गोळ्यांनी उल्हासला गरगरत असे. म्हणून शर्मिलाने घरून डबे पुरवण्याचा आपला जम बसलेला उद्योग बंद केला आणि ती रोज त्याच्याबरोबर ट्रेनने, मग बसने जाऊ लागली. कोरोनामुळे सोबतच्या माणसाला आत प्रवेश नव्हता. ती बाहेर बाकावर बसे, कोटात हात खुपसून, समोरच्या कालव्याच्या काठांवरचा बर्फ वितळताना बघत.

बाराव्या दिवशी तिच्यासमोर एक गाडी येऊन थांबली. विशाखाताई उतरल्या. मास्कच्या वर डोळे लाल झालेले.

"काल उल्हासने मला लांबलचक ई-मेल लिहिला," त्या म्हणाल्या. "सगळं लिहिलंय... शर्मिला, तू मला एका शब्दानं का नाही सांगितलंस गं?"

"त्याने सांगावं, असं वाटत होतं, ताई."

ताई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

"आई जायच्या आधी तू फोन केलास, तो तिच्या कानाला मीच धरला होता," ताई म्हणाल्या. "तू पलीकडून काय बोललीस, ते मला ऐकू आलं नव्हतं."

"आईंनी विचारलं, उल्हास का येत नाही? मी म्हटलं, मीच त्याला सोडत नाही." शर्मिला बर्फाकडे बघत सांगत होती. "मग त्या गप्प झाल्या. आणि म्हणाल्या, जिवाला बरा आहे ना तो? मी म्हटलं, होईल, आई... बरा होईल."

"आणि आई म्हणाली, मग नको सोडूस!" ताईंनी तोंडावर हात दाबला. "मी ऐकलं होतं गं! मला वाटलं, भ्रमात बोलतेय... तिला कळलं होतं, शर्मिला! तिला सगळं कळलं होतं!"

दार उघडून उल्हास बाहेर आला. गालांवर मास्कचे वळ. दोघींना शेजारी पाहून तो जागीच उभा राहिला.

"ताई," तो अडखळत, अर्धवट मिटल्या ओठांनी म्हणाला, "तुला माझा राग आलेला मला सोसला नसता. म्हणून अर्धंच सांगितलं." मग तो शर्मिलाकडे वळला. "आणि ताईचा तुझ्यावरचा राग मात्र मी खुशाल तुला एकटीला सोसू दिला... निर्णय माझा असता तर मी गेलो असतो, आणि आज इथे उभा नसतो. हे मला तेव्हाही कळत होतं. मला क्षमा कर."

तीन वर्षं अडवून धरलेलं सगळं शर्मिलाच्या डोळ्यांतून एकदम वाहू लागलं.

"एकदा तरी विचारायचं होतंस, उल्हास... तेव्हा ते दिवस मी कसे काढले, ते!"

"आज विचारतो," तो म्हणाला. "सगळं सांग."

कोरोनाचं दीड मीटरचं अंतर विसरून ताईंनी तिला कवटाळलं.

त्यानंतर ताईंचीच गाडी रोज फोरबर्गच्या दाराशी येत राहिली. शस्त्रक्रिया झाली, आणि उन्हाळा सरता सरता जबड्याची जखम एकदाची भरून आली. पण त्या बाराव्या दिवशी, परत निघताना, ताईंनी गाडीचं पुढचं दार उघडून धरलं.

"उल्हास, तू मागे बस. ही माझ्याजवळ बसेल." आणि शर्मिलाचा गार पडलेला हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "मीही विचारतेय गं. अगदी पहिल्या दिवसापासून सांग."

फोरबर्ग येईपर्यंत शर्मिला बोलत राहिली, आणि ती दोघं बहीणभाऊ मुकाट्याने ऐकत राहिली.