हरवला आहे : तुल्लिओ, निळी चड्डी, चष्मा

फेब्रुवारीत आलेल्या त्या पत्राला तुल्लिओने उत्तर दिलं नाही.

पत्र लहानसंच होतं. पाकिटावर सांता प्रिस्काचा शिक्का पाहूनच त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तोरिनो शहरात तो काम करायचा त्या ग्रंथालयात, कपाटांकडे तोंड करून, कुणाचं काही चोरल्यासारखं त्याने ते वाचलं.

‘राग गेला,’ ओरिएत्ताने लिहिलं होतं. ‘सप्टेंबरपर्यंत इथले लोक मला “कोणी नाही” म्हणूनच हाक मारत होते. आता तेही विसरले. नव्या मोसमासाठी किनाऱ्यावरच्या छत्र्यांची नोंदणी सुरू झाली आहे. तुमच्या आईंची जागा ठेवलीच आहे. शेजारी तुमची खुर्ची ठेवू का? दोन ओळी पुरेत.’

दोन ओळी! हजारो पुस्तकांच्या सहवासात दिवस काढणाऱ्या माणसाला दोन ओळी सुचू नयेत? सुचत होत्या. पण क्षमा मागितली की त्या ओशाळवाण्या वाटायच्या आणि नाही मागितली की निर्लज्ज. असं करता करता वसंत आला, आणि मग उत्तराला उशीर झाल्याची लाज मूळ लाजेच्या खांद्यावर चढून बसली.

मूळ लाज होती आदल्या जुलैतली.

सांता प्रिस्काची खाडी चंद्रकोरीसारखी वळलेली आहे. दोन्ही टोकांना खडक, त्यामुळे लाट आत येते तीच दमून. वाळू पिठासारखी मऊ. पाणी इतकं उथळ, की तिथले लोक थट्टेने म्हणतात – इथं बुडायचं तर आधी मांडी घालून बसावं लागेल. म्हणून तर पोराबाळांची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथंच येतात, त्याच रांगेत, त्याच छत्रीखाली. किनाऱ्यावर भाड्याने छत्र्या लावणाऱ्या ‘दोरीना’च्या पिवळ्या छत्र्यांतली दुसऱ्या रांगेतली एक एर्मिनियाबाईंची. तुल्लिओ त्यांचा एकुलता एक. वय सत्तावीस.

त्या दुपारी भात भरलेले टोमॅटो खाऊन झाल्यावर एर्मिनियाबाईंचा डोळा लागला. जाग आली तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी! जेवण झाल्यावर तीन तास पाण्यात पाऊल टाकायचं नाही, टाकलं की पोटात गोळा येऊन माणूस तळाशी जातो, हे त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक आईला देवाच्या प्रार्थनेइतकं पक्कं ठाऊक होतं. पोट भरलेलं, मुलगा दिसत नाही… म्हणजे तो पाण्यातच! त्या अनवाणी धावत सुटल्या.

तुल्लिओ खडकाच्या सावलीत पुस्तक वाचत होता. तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला आणि एक लाडिक, खेळकर आवाज सगळ्या खाडीभर पसरला.

“ऐका हो ऐका! एक मुलगा हरवला आहे. नाव तुल्लिओ. निळी चड्डी, चष्मा. स्वभाव लाजाळू, हाक मारली तर ओ देत नाही. नुकताच जेवला आहे! तुल्लिओ बाळा, घाबरू नकोस हं. पिवळ्या झेंड्याखालच्या लाकडी खोलीत ये, तुझी आई रडतेय.”

त्याला वाटलं, वाळूने आपल्याला गिळावं. पण वाळू तसलं काही करत नाही. तो मान खाली घालून छत्र्यांच्या रांगांमधून चालत त्या खोलीपाशी आला. खिडकीत माईकपाशी एक मुलगी बसली होती – ओरिएत्ता. उन्हाने तांबूस झालेले खांदे, कानामागे पेन्सिल. तिच्या हातात एक बिस्कीट होतं – हरवलेल्या बाळासाठी.

“या, या. तुम्ही तुल्लिओचे बाबा का?”

“नाही… म्हणजे…”

“काका?”

“मीच.”

तिने त्याच्या निळ्या चड्डीकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटून तिने हसू दाबायचा प्रामाणिक प्रयत्न केला, पण ते डोळ्यांतून सांडलंच.

“मी वय नाही हो विचारलं! त्या इतक्या रडत होत्या…” आणि मग ते बिस्कीट पुढे करून म्हणाली, “घ्या. नियम म्हणजे नियम.”

आईने येऊन त्याला कवटाळलं. हरवलेलं मूल सापडलं की सगळा किनारा टाळ्या वाजवतो, ही सांता प्रिस्काची रीत. त्या दिवशी टाळ्या थांबता थांबेनात.

दुसऱ्या दिवशी खरं तर त्याने छत्रीखालून बाहेरच पडायला नको होतं. पण तो गेला. कारण त्याने ठरवून ठेवलं होतं – पुस्तक खडकावर राहिलं, कुणी आणून दिलं का, असं विचारायचं. पुस्तक त्याच्या काखेतच होतं.

“सापडलं वाटतं,” ओरिएत्ता काखेकडे बघत म्हणाली.

“हो… आत्ताच.”

“मग आता आलाच आहात तर आत या. ही बघा, ही अर्ध्या तासापासून रडतेय. नाव सांगत नाही, आईचं नाव विचारलं तर ‘आई’ म्हणते.”

तुल्लिओ त्या हुंदके देणाऱ्या मुलीजवळ जमिनीवर बसला आणि हळू आवाजात तिला एका खेकड्याची गोष्ट सांगू लागला. खेकडा चष्मा विसरतो आणि दुसऱ्याच्याच बिळात शिरतो. हुंदके थांबले. मुलीची आई आली तेव्हा मुलगी जायला तयार होईना, खेकड्याचं पुढे काय झालं ते तिला हवं होतं.

“तुम्हाला बरं जमतं हे,” ओरिएत्ता म्हणाली.

“मला हरवल्याचा अनुभव आहे.”

ती खळखळून हसली. आपण कुणाला हसवू शकतो… तुल्लिओला हे माहीतच नव्हतं. त्यानंतर तो रोज जाऊ लागला. कधी पोरांना गोष्ट सांगायला, कधी पंखा दुरुस्त करायला, जो त्याच्या दुरुस्तीनंतर उलटा फिरू लागला.

“आज काय हरवलं?” ती विचारायची.

“आज… आज काहीच नाही.”

“मग उगाच आलात?”

“उगाच,” तो म्हणायचा, आणि दोघंही समुद्राकडे बघत बसायची.

महिन्याच्या अखेरीस एका दुपारी खडकांमागून काळे ढग वर आले. ओरिएत्ताने माईक चालू केला, “छत्र्या मिटा, पोरांना उचला, पळा!” असं सांगितलं, आणि ती खिडकी ओढून घेते न घेते तोच तुल्लिओ भिजून आत आला. छपरावर टपोरे थेंब ताशा वाजवत होते. भिजलेल्या वाळूचा, ओल्या लाकडाचा वास. त्याच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं.

“इकडे द्या,” ती म्हणाली, आणि चष्मा काढून घेऊन झग्याच्या कडेने पुसू लागली. “दिसतंय का काही?”

“अंधुक… पण तुम्ही दिसता.”

“मी कशी दिसते?”

“जवळ.”

ती क्षणभर थांबली. मग चष्मा त्याच्या नाकावर ठेवताना तिची बोटं त्याच्या कानापाशी जरा जास्तच रेंगाळली.

“रविवारी उपाहारगृहाच्या गच्चीवर नाच आहे. अकॉर्डियनवाला येतोय. याल?”

“मला नाचता येत नाही.”

“मला तरी कुठे येतं? पाय तुडवू एकमेकांचे. याल?”

“येईन,” तुल्लिओ म्हणाला. “तुमच्याबरोबर कुठेही…”

आणि दार उघडलं. दारात आई उभी होती, डोक्यावर मिटलेली छत्री धरून, धापा टाकत. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग ओरिएत्ताकडे. मग शांतपणे विचारलं, “तुल्लिओ, ही कोण?”

एवढंच तर विचारलं होतं. नाव सांगायचं होतं, बस. पण सत्तावीस वर्षांचा तो माणूस एकदम सहा वर्षांचा झाला. नुकतंच जेवून पाण्यात पाय घातलेला.

“कोणी नाही, आई,” तो म्हणाला. “इथं काम करते. मी… पाऊस होता म्हणून…”

ओरिएत्ताने कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

“तो लाल दिवा तेवढा बंद कर ग मुली,” एर्मिनियाबाई म्हणाल्या. “मघापासून चालू आहे.”

माईक! उपाहारगृहाच्या छपराखाली सगळा किनारा दाटीवाटीने उभा होता आणि त्या सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. अंधुक, जवळ, अकॉर्डियन, कुठेही… आणि मग ‘कोणी नाही’. पावसाच्या आवाजात लांबून कुणी आजीबाई टाळ्या वाजवत होती. बिचारीला वाटलं असावं, पुन्हा कुणी सापडलं.

ओरिएत्ताने दिवा बंद केला. तिचा चेहरा उन्हाने नव्हे, दुसऱ्याच कशाने लाल झाला होता. तुल्लिओ बघत राहिला, आणि मग, देवा, तो आईच्या मागोमाग निघून गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तोरिनोला परतला.

पुढच्या उन्हाळ्यात एर्मिनियाबाई एकट्याच सांता प्रिस्काला गेल्या. “ग्रंथालयात पुस्तकांची मोजदाद आहे,” तुल्लिओने सांगितलं होतं. सप्टेंबर लागला आणि त्या परत आल्या. काळ्या होऊन, टोपलीभर अंजिरं घेऊन. रात्रीच्या सूपच्या वेळी त्या बराच वेळ चमचा नुसता फिरवत राहिल्या.

“मोजली का पुस्तकं?”

“हो.”

“सगळी आहेत?”

“आहेत.”

“माझ्या शेजारची खुर्ची मात्र सबंध मोसम मिटलेली होती. ऑगस्टच्या सणाला पाय ठेवायला जागा नव्हती, लोक ती खुर्ची मागत होते, भांडत होते. त्या मुलीने कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी मी विचारलं, का ग बाई? तर म्हणाली, ‘उत्तर यायचंय.’”

तुल्लिओच्या हातातला पाव सूपात पडला.

“कसलं रे उत्तर?”

आता खोटं बोलायला काही उरलंच नव्हतं. “ती ‘कोणी नाही’ नव्हती, आई.”

“ते मला कशाला सांगतोस? मला ठाऊक होतं. मासे विकणाऱ्यालासुद्धा ठाऊक होतं.”

“मग तू त्या दिवशी रागावून आलीस ना…”

“रागावून?” एर्मिनियाबाईंनी कपाळाला हात लावला. “अरे, तू नाचाला हो म्हणालास ते ऐकून मी भर पावसात धावत आले, सांगायला, की ते तपकिरी बूट घालून जाऊ नकोस! आणि तिला नाव विचारावं, चार गोड शब्द बोलावेत म्हणून. तर तू असा माझ्यासमोर… मला तर तिच्याकडे बघवेना. सबंध उन्हाळा मी तिच्यासमोरून मान खाली घालून गेले.”

तुल्लिओ मान खाली घालून बसला. इतके दिवस त्याला वाटत होतं, आपली लाज ही आपली एकट्याची, आपण ती कुठल्याशा पुस्तकात दाबून ठेवली आहे. पण ती तर तिकडे, भर वाळूत, मिटलेल्या खुर्चीच्या रूपाने सगळ्यांसमोर उभी होती. आणि ज्यांचा काही गुन्हा नव्हता, त्या दोघी तिची राखण करत होत्या.

“उत्तर का नाही दिलंस?”

“लाज वाटत होती.”

“तुझ्या लाजेचं तिनं काय करायचं? लोणचं घालायचं?”

तो उठला. त्या रात्री त्याने दोनच ओळी लिहायच्या ठरवल्या, आणि झाल्या पाच.

‘ओरिएत्ता, खुर्ची उघडा. शनिवारी दुपारच्या गाडीने येतो. त्या दिवशी मी भ्यालो, आणि त्याची शिक्षा तुम्हाला झाली. हे तुमच्या समोर, आईच्या समोर, आणि तुम्ही म्हणाल तर तो लाल दिवा लावून सांगेन. तुम्ही मला हाकलून द्यायचं ठरवलं, तर तेही मला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.’

सकाळी एर्मिनियाबाई बाजाराची पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या.

“दे इकडे. मी टाकते जाताजाता.”

त्याने पाकीट पुढे केलंही. मग हात मागे घेतला.

“नको, आई. मी जातो.”

“पायात काय आहे ते बघ आधी!”

पायात तपकिरी बूट होते. तो तसाच जिना उतरला. कोपऱ्यावरच्या लाल पेटीला दोन फटी होत्या, एक शहरातल्या पत्रांसाठी, एक बाकी सगळ्या गावांसाठी. त्याने दुसऱ्या फटीवरचं लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचलं. पाकीट आत सरकवलं. बोटं सोडवेनात. मागे एक बाई खोकली.

“टाकताय ना, महाराज? मलाही टाकायचंय.”

“टाकतोय,” तुल्लिओ म्हणाला, आणि बोटं सोडली. पेटीच्या तळाशी पत्र पडल्याचा हलकासा आवाज आला.