पायऱ्या झाडणारा एन्नो

वीबके चर्चच्या दारासमोर बसून दारावरची जुनी नक्षी कागदावर उतरवत होती. तेवढ्यात वरून लाल कौलाचा चुरा भुरभुरला आणि तिचा नुकता कुठे जमलेला देवदूत पार तांबडा होऊन गेला.

"खाली माणसं असतात, ठाऊक आहे ना?" ती मान वर करून म्हणाली.

"एरवी कबुतरं असतात," शिडीवरून उत्तर आलं.

"म्हणजे मी कबूतर दिसते?"

"छे. कबुतरं इतकी फणकारत नाहीत."

शिडीवरून उतरला तो एन्नो. गावातली छपरं दुरुस्त करणारा, कानापर्यंत धुळीनं माखलेला, आणि हसला की डोळे बारीक होणारा. आता बघा, वीबके आली होती तीन दिवसांच्या बोलीवर, जुन्या चर्चच्या दारांची चित्रं काढायला. पण आपण ठरवतो एक आणि होतं भलतंच.

दुसऱ्या दिवशी एन्नो तिला मनोऱ्यावर घेऊन गेला. बारीक पाऊस होता. खाली लाकडी चौकटींची घरं एकमेकांना खेटून उभी होती.

"ते कोपऱ्यातलं वाकडं घर दिसतं? चारशे वर्षं पडतंय."

"मग पडत का नाही?"

"शेजारचं सोडत नाही त्याला," असं म्हणून त्यानं तिच्याकडे पाहिलं... आणि लगेच घाईघाईनं दुसरीकडे. कान मात्र लाल झाले होते. वीबकेला ते कान फार आवडले.

संध्याकाळी चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या गेजीना मावशींकडे दोघांना चहा होता. मावशी ब्याऐंशी वर्षांच्या, लग्नाच्या भानगडीत कधीच न पडलेल्या, आणि तोंडाच्या फटकळ. त्यांच्याकडे तीन कप चहा घ्यावाच लागतो. मग पुरे म्हणायचं तर कपात चमचा ठेवायचा. एन्नोनं सहा कप रिचवले, पण चमच्याला हात लावला नाही.

"इतकी तहान लागलीय होय रे?"

"घशाला कोरड पडलीय, मावशी."

"पडणारच. बोलायचं ते घशातच अडकलंय ना."

वीबकेनं मान खाली घातली. अडकलं तर तिच्याही घशात होतं. शनिवारी तिची चारची गाडी, मग दूर दक्षिणेत दोन वर्षांची नोकरी. तो बोलेना, ती बोलेना... आणि शनिवार उजाडला.

त्याच दिवशी एन्नोला तीस वर्षं पूर्ण झाली. तिशी गाठूनही लग्नाविना राहिलेल्या पुरुषाची त्या भागात धडगत नसते. डोक्यावर उंच काळी टोपी घालून त्यानं चर्चच्या पायऱ्या झाडायच्या, मित्रांनी त्यावर बाटल्यांची बुचं ओतत राहायचं, आणि कुणी अविवाहित मुलीनं येऊन मुका घेतला की त्याची सुटका. एरवी अर्ध्या तासात सगळं उरकतं.

वीबके बॅग घेऊन चर्चसमोरच्या चौकात आली तेव्हा दोन वाजले होते, आणि एन्नो सकाळी दहापासून झाडतच होता. बेकरीतली मुलगी येऊन गेली, शाळेतल्या बाई येऊन गेल्या. प्रत्येकीपुढे त्यानं टोपी काढली, वाकून माफी मागितली आणि पुन्हा झाडू हातात घेतला.

"अरे बाबा, सूट की एकदाचा," एक मित्र कळवळला. "बुचं टाकून आमचे खांदे गेले."

वीबके कोपऱ्यावरच थबकली. जावं? पण चारचौघांसमोर, खेळातला मुका... त्याला तो खेळच वाटला तर? नुसती सुटका करून गाडीत बसायचं, हे तिच्या जिवाला मानवणारं नव्हतं. पाय जागचे हलेनात.

एवढ्यात पाऊस आला आणि छत्री घेऊन गेजीना मावशी आल्या. "पोरगा भिजून आजारी पडेल. मीही अविवाहितच आहे. सोडवते त्याला."

सगळा चौक हसला. एन्नोचा मात्र चेहरा पडला, कारण मावशींना नाही म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती.

मावशी एक पायरी चढल्या आणि थांबल्या. "गुडघे दुखतात बाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या, थेट वीबकेकडे बघत. दुसरी पायरी. पुन्हा थांबल्या. "चारच राहिल्या आता. ज्यांना काही करायचं असेल त्यांनी करून घ्यावं."

वीबकेनं बॅग टाकली आणि ती धावत सुटली. बुचांवरून पाय सटकला, एन्नोनं झाडू फेकून तिला सावरलं, आणि त्याच मिठीत तिनं त्याचा मुका घेतला. गालाचा नव्हे.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशी तुरुतुरु पायऱ्या उतरून घरी निघाल्या.

"हे खेळ म्हणून नव्हतं हं," वीबके धापा टाकत म्हणाली. "तू मला आवडतोस. फार. पण मी दोन वर्षं लांब असणार आहे..."

"तिकडे घरांना छपरं असतात?"

"असतात."

"गळतात?"

"गळत असतीलच."

"मग झालं तर. येतो मी."

तिचे डोळे भरून आले. "आणि मी आलेच नसते तर?"

"तर झाडत राहिलो असतो," एन्नो म्हणाला. "नुसती सुटकाच हवी असती, तर सव्वादहालाच सुटलो असतो मी."